पद्मिनीत ११८ एनईचं इंजिन बसवताना काय शिकलो (या लाईनमध्ये नव्याने येणाऱ्या पोरांसाठी)

जुन्या गाड्यांच्या कामात यायचंय, इंजिन स्वॅप (एका गाडीत दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवणं) शिकायचंय, सुरुवात कुठून करू, असं हल्ली बरीच पोरं विचारतात म्हणून एकदा सविस्तर लिहितोय. मी दहावीनंतर आयटीआयला मोटर मेकॅनिक व्हेईकल ट्रेड केला, दोन वर्षांचा, आणि तिथून थेट कोल्हापुरात उद्यमनगरच्या बाजूला एका गॅरेजला लागलो. पहिले दोन महिने फक्त पार्ट धुतले, रॉकेलच्या टबात ब्रश घेऊन. तेव्हा कंटाळा यायचा पण आता सांगतो की कुठला पार्ट कुठे झिजतो, कुठला बोल्ट कुठून निघाला हे सगळं मला त्या टबानेच शिकवलं, त्यामुळे कुणी पार्ट धुवायला बसवलं तर मन लावून धुवा.

पहिला मोठा स्वॅप मी केला तो १९८२ च्या प्रीमियर पद्मिनीचा. आमच्याकडे अजून सगळे तिला फियाटच म्हणतात, कारण मूळ गाडी फियाट ११००, आणि वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने ती कुर्ल्याच्या कारखान्यात बनवली, पद्मिनी हे नाव तिला १९७४ मध्ये मिळालं. इंजिन १०८९ सीसीचं, ताकद साधारण ४० हॉर्सपॉवर, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. गाडी मालकाच्या आजोबांची होती आणि मालकाच्या मुलाला ती ऑटोक्रॉसला (मोकळ्या मैदानावरची, वेळ लावून होणारी गाड्यांची शर्यत) पळवायची होती. मग त्याच कंपनीच्या ११८ एनईचं इंजिन गिअरबॉक्ससकट घालायचं ठरलं. हे निसानचं ए१२ इंजिन, ११७१ सीसी, ५२ हॉर्सपॉवरच्या आसपास. सीसीत फरक फक्त ८२ चा दिसतो पण क्रँकला (पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनातला मुख्य दांडा) जुन्या इंजिनात तीन मेन बेअरिंग आणि ह्यात पाच, त्यामुळे वरच्या आरपीएमला हे इंजिन किती शांत फिरतं ते ऐकल्यावरच कळतं.

आता पाना हातात घ्यायच्या आधीची गोष्ट, कागद. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ स्वतः वाचा. आरसीवर कंपनीने दिलेली जी माहिती आहे तिच्यात आणि गाडीत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि त्याच मेकचं त्याच टाईपचं इंजिन बदलायचं तरी आरटीओची परवानगी आधी घ्यावी लागते. म्हणजे मोठं इंजिन टाकून रस्त्यावर फिरवू, कोण बघतंय, असं म्हणणारं गिऱ्हाईक आलं तर काम घेऊ नका, उद्या अपघात झाला की इन्शुरन्सवाला पहिला इंजिन नंबर बघतो. ही गाडी रस्त्यावर जाणारच नव्हती, शेतातल्या खाजगी जागेत फिरणार आणि स्पर्धेला ट्रेलरवरून जाणार हे मालकाकडून लेखी घेतलं तेव्हाच आमच्या गॅरेजच्या वस्तादांनी हो म्हटलं. अजून एक, ५० वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ पासून व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते पण त्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते. ही गाडी २०३२ ला पन्नाशीची होईल. म्हणून वस्तादांनी पहिल्याच दिवशी नियम घातला की गाडीचा पत्रा कापायचा नाही, जे काय कापायचं ते येणाऱ्या इंजिनाचं कापा, गाडी परत होती तशी करता आली पाहिजे.

मी लगेच चेन ब्लॉक (इंजिन उचलायची साखळीची कप्पी) लावायला निघालो तर वस्ताद म्हणाले, "पाना ठेव खाली. ओळंबा आण." मला वाटलं गवंड्याचा ओळंबा इथे कशाला. गाडी चार घोड्यांवर (लोखंडी स्टँड) लेव्हलला उभी केली आणि क्रँक पुलीच्या मध्यातून, गिअरबॉक्सच्या माउंटिंगवरून, डिफरन्शियलच्या (मागच्या चाकांना फिरवणारा गिअरचा डबा) फ्लँजवरून, म्हणजे शाफ्ट जोडायच्या चकतीवरून, असा एकेक ओळंबा सोडून खाली फरशीवर खडूने फुल्या मारल्या. गाडी बाजूला ढकलली तर जुनं इंजिन कुठे बसत होतं त्याचा अख्खा नकाशा फरशीवर. उंची वेगळ्या वहीत. पूर्ण दिवस गेला, एक नट ढिला केला नाही. पुढच्या चार महिन्यांत त्या फुल्या आम्ही किती वेळा बघितल्या त्याला गणती नाही.

इंजिन विकत घेताना आवाजावर जाऊ नका, कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर) लावा आणि चारही सिलिंडरचे आकडे लिहा, एकमेकांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर ते इंजिन उघडावं लागणार हे धरूनच भाव करा. आणि बसवून बघायला शक्यतो रिकामा ब्लॉक मिळवा, आत क्रँक पिस्टन काही नसलेला. आम्हाला भंगारात एक चीर गेलेला मिळाला. तो दोघांत उचलता येतो, पन्नास वेळा आत-बाहेर करता येतो, माउंटिंगची पट्टी आधी पुठ्ठ्याची कापून लावून बघता येते, मग पत्रा, मग नुसते टाके मारून कच्चं वेल्डिंग, आणि सगळं जुळल्यावरच पक्कं वेल्डिंग.

आमच्याकडे संप (इंजिनाच्या तळाचं ऑईलचं भांडं) पुढच्या क्रॉसमेंबरला (इंजिनखालची आडवी पट्टी) टेकत होता. इंजिन वर घेतलं तर बॉनेट बसत नाही, मागे घेतलं तर फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) आडवी येते, म्हणून संपच कापून नवा आकार दिला. पण संप बदलला की आतली ऑईल ओढणारी जाळी संपाच्या तळापासून पूर्वीएवढ्याच अंतरावर राहतेय का ते मोजायचं आणि ऑईल पूर्वीएवढंच मावतंय का ते मापाने ओतून बघायचं. भोक मात्र एक पाडावं लागलं, टनेलवर (गिअरबॉक्सवरचा फरशीच्या पत्र्याचा उंचवटा), फ्लोअर गिअरच्या दांड्यासाठी. शेवटच्या काळातल्या पद्मिनीला कंपनीनेच फ्लोअर गिअर दिला होता, ही त्याआधीची. कापलेला गोल तुकडा वस्तादांनी तेल लावून, वर नंबर टाकून ठेवलाय.

आता माझी चूक. सायलेन्सरचा पाईप गिअरबॉक्सच्या खाली घासत होता म्हणून मी मागच्या माउंटिंगखाली २० मिमीचं पॅकिंग घालून गिअरबॉक्सची शेपटी वर उचलली. कुणाला विचारलं नाही, मला ते किरकोळ वाटलं. पहिल्यांदा माळावर गाडी पळवली तर पन्नासच्या पुढे सीटखालून घरघर यायला लागली, साठला आरसा थरथरून मागचं काही दिसेना. मी शाफ्टचं (गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंतचा फिरता दांडा) बॅलन्सिंग परत करून आणलं, त्याच्या दोन्ही टोकांचे क्रॉस (वाकड्या अँगलमध्येही फिरणारे सांधे) नवे टाकले, चाकं बॅलन्स केली, पंधरा दिवस घालवले, घरघर तशीच. शेवटी वस्तादांनी मोबाईलमधलं अँगल मोजायचं ॲप काढून एकदा गिअरबॉक्सच्या फ्लँजला टेकवलं, एकदा डिफरन्शियलच्या, आणि दोन्ही आकडे वहीत लिहून वही माझ्यापुढे सरकवली. दीड अंशाचा फरक.

होतं काय, की शाफ्टचा क्रॉस वाकड्या अँगलमध्ये फिरताना एका फेऱ्यात दोनदा जोरात आणि दोनदा हळू फिरतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच अँगलमध्ये असेल तर तो हे उलटं करून टाकतो आणि बेरीज शून्य. त्यासाठी गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि डिफरन्शियलचा पिनियन (त्यात शिरणारा दांडा) एकमेकांना समांतर पाहिजेत, एक अंशाच्या आतबाहेर. मी पॅकिंग घालून ते समांतरपण घालवलं होतं. पॅकिंग काढलं, पाईप नीट वाकवून घेतला, घरघर गेली. आयटीआयला हे शिकवलं होतं बरं का, परीक्षेत आकृतीही काढली होती.

ब्रेकचं काम इंजिन सुरू करायच्या आधी करा. गाडी साठऐवजी ऐंशीने जायला लागली की थांबवताना ड्रममध्ये जिरवायची उष्णता पावणेदोन पट होते, कारण वेगाचा वर्ग होतो. आम्ही चारही ड्रम लेथवर साफ केले, लायनर, व्हील सिलिंडर, होज, सगळं नवीन. गाडी वजनकाट्यावर नेऊन फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची, असं आधी आणि नंतर दोन्ही वेळा वजन घ्या, म्हणजे पुढच्या स्प्रिंगचं काय करायचं ते अंदाजाने ठरवावं लागत नाही. रेडिएटरची कोअर वाढवून घेतली, वायरिंग सगळं नवीन ओढलं.

पैशाचं विचाराल तर इंजिन गिअरबॉक्सला जेवढे गेले त्याच्या दुप्पट बाजूच्या कामांना गेले. मालकाला पंधरा दिवस सांगितले होते, चार महिने लागले. आता मी कुणालाही तारीख देताना आधी मोजमाप करतो आणि मगच बोलतो.

गॅरेज निवडताना एवढं बघा की तिथे लेथवाल्याशी, वेल्डरशी उठबस आहे का, कारण स्वॅपमधलं अर्धं काम त्यांच्याकडेच होतं. मी सहा महिने संध्याकाळी एका टर्नरकडे बसायचो, व्हर्नियर नीट धरायला तिथे शिकलो. आणि वही ठेवा. फोटो काढा पण वहीत हाताने आकृती काढा, काढताना जे लक्षात येतं ते फोटोत येत नाही.

जुनं १०८९ चं इंजिन मालकाने विकलं नाही. सिलिंडरमध्ये ऑईल सोडून, भोकं बुचांनी बंद करून ते आमच्याकडेच लाकडी पेटीत आहे, सोबत तो पत्र्याचा गोल तुकडा. दर खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की पेटी उघडायची, पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन दोन फेरे हाताने फिरवायचं आणि परत झाकण लावायचं, हे काम वस्तादांनी माझ्याकडे दिलंय.