इंग्लिशमध्ये आय (I) की मी (me)? जोडीदार बाजूला काढून बघा
मालवणात होमस्टे चालवणाऱ्या आपल्या पोरांचा पर्यटकांशी इंग्लिश बोलताना इथेच घोळ होतो, आणि होणारच, कारण इंग्लिशमधलं 'मी' ऐकायला आपल्या मराठी मी सारखंच पण अर्थ निघतो 'मला'! सोप्पं करायचं तर जोडीतला दुसरा माणूस काढून वाक्य मोठ्याने म्हणा. 'कॉल माय ब्रदर अँड आय' मधून भाऊ काढला की उरतं 'कॉल आय', लगेच कानाला खटकतं ना, मग तिथे इंग्लिशमधलं 'मी' (me). 'माय ब्रदर अँड आय रन द बोट' मात्र एकदम बरोबर. टू, फॉर, विथ, बिटवीन नंतर मी, हिम, हर, देम. फक्त प्रत्येक 'मला' बघून फसू नका हां, 'मला बांगडा आवडतो' चं इंग्लिशमध्ये 'आय लाइक बांगडा' असंच होतं, तिथे लाइकचा कर्ता आपणच असतो.