मोठ्या संख्येचे अवयव काढताना या चुका टाळा

सोळा-सतरा अंकी संख्येचे अवयव जुळेनात की आपण पद्धतीत खोट शोधत बसतो. माझा अनुभव असा, की चूक बहुधा त्याआधीच झालेली असते. आपण तपासत असतो ती संख्याच वेगळी असते.

९००७१९९२५४७४०९९३ घ्या. ही २ च्या ५३व्या घातापेक्षा १ ने मोठी आहे. तिचे मूळ अवयव ३, १०७ आणि २८०५९८१०७६२४३३, म्हणजे एकूण विभाजक ८. हीच संख्या जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेत साधी टाइप केली की शेवटचा ३ जाऊन २ येतो, कारण तिथे साध्या आकड्याला ५३ बिटांपुरतीच (बिट म्हणजे ० किंवा १ असा एक अंक) अचूकता मिळते. फरक फक्त १ चा, पण आता मूळ अवयव एकटा २ आणि विभाजक ५४! तिथे बिगइंट, म्हणजे मोठे पूर्णांक अचूक ठेवणारा प्रकार, वापरा. पायथन या भाषेतले पूर्णांक सुरक्षित असतात, पण एकेरी तिरप्या रेघेने (/) भागाकार केलात तर उत्तर पुन्हा त्याच ५३ बिटांत अडकतं. दुहेरी रेघ (//) वापरा. एक्सेल तर १५ अंकांपुढे सरळ शून्यं भरतं, म्हणून तिथे अशी संख्या मजकूर म्हणूनच ठेवावी.

हाताने उतरवताना शेजारचे दोन अंक उलटसुलट होतात. अंकांची बेरीज करून ही चूक सापडत नाही, कारण बेरीज तीच राहते. ११ ची कसोटी लावा: एकाआड एक अंकांच्या दोन बेरजा, त्यांची वजाबाकी, ११ ने भागून बाकी. ही बाकी दिलेल्या आणि उतरवलेल्या संख्येची सारखीच यायला हवी. अंक वेगळे असतील तर अशी अदलाबदल इथे हमखास पकडली जाते.

दुसरी मोठी चूक घाईची. दहा-वीस लहान मूळ संख्यांनी भाग गेला नाही, म्हणून संख्या मूळ ठरत नाही. ४२९४९६७२९७ मूळ असावी असं खुद्द फर्मा या थोर गणितज्ञाला वाटलं होतं. १७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलरने ६४१ × ६७००४१७ असे तिचे अवयव दाखवले. तिचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा १ ने जास्त असणार, हे ओळखलं की अशा मूळ संख्या तपासायच्या: १९३, २५७, ४४९, ५७७ आणि लगेच ६४१. पाचव्या प्रयत्नात काम होतं. मला हे आजही फार सुंदर वाटतं.

फर्माच्या कसोटीवरही विसंबू नका. तिच्यात एखादी लहान संख्या ‘पाया’ म्हणून घेऊन, तपासायच्या संख्येपेक्षा १ ने कमी इतका तिचा घात काढतात; त्याला तपासायच्या संख्येने भागून बाकी १ उरली तर ती संख्या मूळ असावी असं मानतात. २ च्या ३४० व्या घाताला ३४१ ने भागल्यास बाकी १ उरते, तरी ३४१ = ११ × ३१. पाया बदलून ३ घेतला की ३४१ उघडी पडते. ५६१ मात्र तिच्याशी सामाईक अवयव नसलेल्या प्रत्येक पायाला फसवते. मिलर-राबिन ही याच कसोटीची अधिक कडक आवृत्ती वापरा. ६४ बिटांपर्यंतच्या संख्येसाठी २ ते ३७ या बारा मूळ संख्या पाया म्हणून घेतल्या की निकाल पक्का असतो.

विभाजक मोजताना घातांकात १ मिळवून मगच गुणाकार करा: ३६० = २³ × ३² × ५, म्हणून ४ × ३ × २ = २४. आणि अवयवांचा गुणाकार दिलेल्या संख्येशी जुळला तरी प्रत्येक अवयव स्वतः मूळ आहे का, हे वेगळं तपासावं लागतं.