कमी उंचीच्या पाणचक्कीची शक्ती आणि कार्यक्षमता: हिशेबातील या चुका टाळा

पाणचक्कीची कार्यक्षमता, म्हणजे पाण्याच्या शक्तीपैकी चाकाने दिलेला वाटा, ९० टक्क्यांच्या वर निघाली, तर चाकाचे कौतुक करण्याआधी पाण्याची मोजणी पुन्हा करावी. एक-दीड मीटर उंचीवर चालणाऱ्या चाकांच्या हिशेबात दोष बहुधा पाण्याच्या मोजणीत असतो, कारण एवढ्या उंचीत दहा सेंटीमीटरची चूकही सात ते दहा टक्क्यांची ठरते.

पाटाच्या तळापासून ओढ्याच्या तळापर्यंत टेप धरून उंची मोजणे ही नेहमीची चूक. मोजायचा असतो तो चाकाच्या वरच्या आणि खालच्या पाण्याच्या पातळ्यांमधला फरक, आणि तोही चाक भाराखाली फिरत असताना. पावसाळ्यात ओढा फुगला की खालची पातळी चढते, पाती साचलेल्या पाण्यात रुततात आणि भरपूर पाणी असूनही शक्ती घटते. उन्हाळ्यातली उंची आणि पावसाळ्यातला विसर्ग (दर सेकंदाला वाहणारे पाणी) यांचा गुणाकार केला, तर येणारा आकडा वर्षातल्या कोणत्याही दिवशी प्रत्यक्षात मिळत नाही.

विसर्गाच्या मोजणीत सर्वाधिक काळजी हवी. तरंगती वस्तू सोडून काढलेला वेग हा फक्त पृष्ठभागाचा असतो. सरासरी वेगासाठी त्याला गुळगुळीत पाटात साधारण ०.८५ ने गुणावे लागते, तर उथळ, दगडगोट्यांच्या ओढ्यात त्याहूनही कमी गुणक धरावा लागतो. लहान प्रवाहासाठी प्रवाहाला आडवी लावलेली, ९० अंशांच्या त्रिकोणी खाचेची फळी अधिक भरवशाची. खाचेच्या तळाच्या टोकापासून पाण्याची उंची मीटरमध्ये घेऊन तिचा अडीचावा घात १.३८ ने गुणला की विसर्ग घनमीटर प्रतिसेकंदात मिळतो. २० सेंटीमीटर उंचीला तो सेकंदाला सुमारे २५ लिटर येतो. मात्र पट्टी खाचेतच धरू नये, कारण तिथे पाणी आधीच वाकून खाली उतरलेले असते. निदान त्या उंचीच्या चौपट अंतर मागे, संथ पाण्यात खुंटी रोवून वाचन घ्यावे. २० ऐवजी १९ वाचले, तर विसर्ग १२ टक्क्यांनी कमी भरतो आणि कार्यक्षमता विनाकारण फुगते. आपल्याकडे कालव्याचे आकडे क्युसेकमध्ये, म्हणजे घनफूट प्रतिसेकंदात सांगतात. शक्तीच्या सूत्रात घालण्यापूर्वी घनमीटरसाठी त्यांना ३५.३ ने भागायला विसरू नये.

पाण्याची शक्ती म्हणजे पाण्याची घनता, गुरुत्व त्वरण, विसर्ग आणि उंची यांचा गुणाकार. १.२ मीटर उंची आणि सेकंदाला ०.२५ घनमीटर विसर्ग असेल, तर १००० × ९.८१ × ०.२५ × १.२ म्हणजे सुमारे २,९४० वॅट ही पाण्याची शक्ती झाली. तेवढी वीज मिळेल असे धरणे चूकच. चाक ७० टक्के, वेग वाढवणारी गिअरपेटी ९० टक्के आणि जनित्र ८० टक्के कार्यक्षम धरले, तर हाती सुमारे १,४८० वॅट, म्हणजे जवळजवळ निम्मी शक्ती येते.

चाकाचा प्रकार न पाहता टक्केवारी उचलणेही घातक ठरते. इंग्रज अभियंता जॉन स्मीटन यांनी १७५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पात्यांखालून पाणी जाणाऱ्या चाकाची कार्यक्षमता सरासरी २२ टक्क्यांच्या आसपास, तर वरून पाणी पडणाऱ्या चाकाची ६३ टक्क्यांच्या आसपास आली होती. चाकाच्या घर्षणात जाणारी शक्ती त्यांनी वेगळी काढून हिशेबात धरली होती, आणि हीच शिस्त आजही लागू आहे. वाहत्या नदीत नुसते टेकवलेल्या चाकाला तर उंचीचे सूत्र चालतच नाही. तिथे उपलब्ध शक्ती वेगाच्या घनावर ठरते.

चाकाची शक्ती मोकळ्या फेऱ्यांवरून कळत नाही, कारण भार नसताना चाक कितीही वेगात फिरले तरी उपयुक्त काम शून्यच असते. आसावर ब्रेक बसवावा, त्याच्या दांड्याचे टोक वजनकाट्यावर टेकवावे आणि दांड्याचे स्वतःचे वजन आधी वजा करावे. दांडा १.५ मीटर, काट्यावर ४० किलो आणि मिनिटाला ८ फेरे असतील, तर शक्ती सुमारे ४९० वॅट भरते. भार थोडा थोडा वाढवत असे पाच-सहा बिंदू घेतले की चाकाचा योग्य वेग आपोआप दिसतो. विजेच्या बाजूला प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहात व्होल्ट आणि अँपिअर यांचा नुसता गुणाकार वॅट देत नाही. मोटारी जोडलेल्या असतील, तर वॅटमापकच लावावा.