लग्नानंतरचं नाव आणि व्हिसाचे कागद: आधी पासपोर्टचं ठरवा

आमच्याकडे लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितात. माझंही लिहिलं, 'वैष्णवी'. पेढे वाटून झाले, आणि मी तिथेच नवऱ्याच्या कानात सांगितलं की हे नाव तांदळातच राहूदे, कागदावर आणू नका. तेवढं एक डोकं चालवलं, पण पुढचा घोळ घातलाच. नवरा अमेरिकेत एच-1बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, मला एच-4 वर, म्हणजे त्याची बायको म्हणून मिळणाऱ्या व्हिसावर जायचं, आणि सासूबाईंनी हौसेने पंधरा दिवसांत माझं आधार सासरच्या आडनावावर करून घेतलं. पासपोर्ट तासगावच्या माहेरच्या नावाचा, पॅन तेच, बँक तेच, आधार एकटंच सासरी आलेलं. त्यात आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणजे माझा एक चान्स गेला की.

तर सांगली-मिरजेकडच्या ज्या कोणाच्या घरात आत्ता हे चाललंय त्यांच्यासाठी लिहितेय.

नाव बदलायलाच पाहिजे असा कायदा नाही, हे आधी घरात सगळ्यांना सांगून टाका. माहेरच्या नावाच्या पासपोर्टवर बायको म्हणून व्हिसा मिळतो, तिथला ऑफिसर लग्नाचा पुरावा बघतो, दोघांचं आडनाव एक आहे का ते नाही. आडनाव तेच ठेवून पासपोर्टच्या रेकॉर्डला नुसतं नवऱ्याचं नाव जोडता येतं, पण त्यालाही री-इश्यूच, म्हणजे पासपोर्ट नव्याने काढून घ्यावा लागतो. माझं मत विचाराल तर जायला दोन-तीन महिनेच उरले असतील आणि पासपोर्टची मुदत भरपूर असेल तर काही हलवू नका, आहे त्या नावावर जा, नंतर तिकडूनही पासपोर्ट बदलता येतो. वेळ असेल आणि बदलायचंच असेल तर मात्र व्हिसाचा एकही फॉर्म भरायच्या आधी बदला. मधेच बदललं की पासपोर्ट नंबर बदलतो, डीएस-160 हा अमेरिकेच्या व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म परत भरा, अपॉइंटमेंटला नवा नंबर जोडा, नुसता ताप.

सगळ्याचं मूळ लग्नाचा दाखला. हॉलवाल्याची पावती किंवा गुरुजींनी दिलेला कागद चालत नाही, महाराष्ट्राच्या 1998 च्या विवाह नोंदणीच्या कायद्याखाली नोंदणी होते तो दाखला पाहिजे, गावात ग्रामपंचायतीत, शहरात नगरपालिका किंवा महापालिकेत. नमुना डी चा अर्ज, तीन साक्षीदार, मग नमुना ई चं सर्टिफिकेट मिळतं. त्यावर नवरीचं लग्नाआधीचं पूर्ण नाव नीट आलंय का ते काउंटरवरून हलायच्या आधी बघा. जुनं नाव आणि नवीन नाव यांना बांधणारी दोरी हा एकच कागद आहे. माझ्या वडिलांचं नाव दत्तात्रय, माझ्या पासपोर्टवर इंग्रजीत शेवटी ए नाही, दाखल्यावर टायपिंग करणाऱ्याने ए लावून ठेवला. मी म्हटलं एका अक्षराने काय होतंय, घरी आणलं, आणि महिन्याने दुरुस्तीसाठी परत त्याच बाकावर बसले. एक अर्ज, पासपोर्टची झेरॉक्स आणि तीन चकरा. ज्ञानेश्वर, लक्ष्मण, जयश्री असली नावं ज्यांच्या घरात आहेत त्यांनी तर स्पेलिंग कागदावर लिहूनच न्यावं, तोंडी सांगू नये.

मग पासपोर्ट. आपल्याकडचे अर्ज पुण्याच्या ऑफिसखाली येतात, 36 पानांच्या री-इश्यूला 1500 रुपये, तात्काळला वरती 2000. त्यात मिडल नेमचा वेगळा रकाना नाही, सरनेम आणि गिव्हन नेम एवढंच. आपण मराठी माणसं गिव्हन नेममध्ये स्वतःचं आणि नवऱ्याचं दोन्ही टाकतो, आणि मग तिकडे डॉक्टरकडे वगैरे फर्स्ट नेम म्हणून ते दोन्ही एकत्र पुकारतात, पहिले काही दिवस मला वाटायचं नवऱ्याला बोलावतायत. चूक काही नाही, पण एकदा टाकलं की सगळीकडे तसंच टाकायचं. सरनेमचा रकाना मोकळा मात्र कधीच सोडू नका. अमेरिकेच्या व्हिसावर मग नावाच्या जागी एफएनयू, म्हणजे 'फर्स्ट नेम अननोन', छापून येतं, आणि यूएई ने तर नोव्हेंबर 2022 पासून नुसत्या एका नावाच्या पासपोर्टवर टुरिस्ट म्हणून घेणंच बंद केलं.

ज्यांचं पहिलं नावच बदललंय त्यांचं काम थोडं मोठं. माझ्या नणंदेचं तसंच झालं, तिला हौस होती. आडनावासाठी लग्नाचा दाखला पुरतो, पण पहिल्या नावासाठी महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नाव बदलल्याचं छापून आणावं लागलं. दहावीच्या मार्कलिस्टला मात्र हात लावू नका, कोल्हापूर बोर्डाने दिलंय ते जन्मभर तसंच राहूदे, त्यावर आडनाव आधी आणि नाव नंतर असतं तो क्रम बघून फॉर्म भरू नका म्हणजे झालं.

फॉर्म भरताना सगळ्यात जास्त लोक फसतात ते एका प्रश्नावर. डीएस-160 विचारतो की तुम्ही कधी दुसरं नाव वापरलंय का, कॅनडाच्या फॉर्ममध्ये पण हेच आहे. नवरे लोक घाईत 'नो' करतात कारण त्यांना स्वतःला सवय नसते ना. तिथे 'येस' करून माहेरचं पूर्ण नाव लिहा. पासपोर्ट अजून माहेरच्याच नावाचा असेल आणि आधार बदललं असेल तर उलटं, सासरचं नाव तिथे टाका. नाव बदलणं गुन्हा नाही, पण न सांगणं संशयाचं होतं. ग्रीन कार्डवाले नवरा-बायकोसाठी जो आय-130 अर्ज भरतात त्यातही हा रकाना आहे. मराठीतला कुठलाही कागद लावलात तर इंग्रजी भाषांतर आणि भाषांतर करणाऱ्याची सही लागते की मला दोन्ही भाषा येतात आणि हे पूर्ण आणि बरोबर आहे.

मुंबईला बीकेसीला अमेरिकेच्या वकिलातीत मुलाखतीला जाताना फाइलमध्ये जुना पासपोर्ट, नवा पासपोर्ट, दाखल्याची ओरिजिनल, लग्नातले चार फोटो आणि पत्रिका ठेवा. पत्रिकेवर चि. सौ. कां. च्या पुढे माहेरचं नाव असतं, तो पण पुरावाच. जुन्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा चालू असेल तर तो नाव बदललं म्हणून आपोआप रद्द होत नाही, पण नव्या नावावर नवा काढून घ्या असं ते लोकच सुचवतात.

आता तिकीट. ते पासपोर्टवरच्या नावाचंच लागतं, आणि तोवर माझा पासपोर्ट सासरच्या आडनावाचा झाला होता. माझं तिकीट भावाने काढलं, प्रेमाने, स्वतःच्या कार्डावर, आणि लहानपणापासून हात बसलेला त्यामुळे आडनाव टाकलं तासगावचंच. रात्री साडेअकराला मेल उघडला तेव्हा दिसलं. चोवीस तासांत कॅन्सल केल्यामुळे पैसे परत आले, नवीन तिकीट चार हजारांनी महाग पडलं. ते चार हजार भाऊ घेत नाही, म्हणतो नाव तुझं बदललं, सवय माझी बदलली नाही.