सवानाला पोरं आणि आई-बाबांना घेऊन जाताय? स्ट्रोलरचं आधी बघा

सवाना म्हणजे अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं जुनं शहर, अटलांटाहून चारेक तासांचं ड्राइव्ह, म्हणून लाँग वीकेंडला बरेच मराठी लोक सवानाला जातात, आणि पहिल्याच संध्याकाळी सगळे नदीकाठच्या रिव्हर स्ट्रीटला उतरतात, आम्हीपण तेच केलं. तिथे जुन्या जहाजांनी वजनासाठी भरून आणलेले दगडच रस्त्याला अंथरलेत, दिसायला झकास पण स्ट्रोलरची पुढची चाकं दोन दगडांच्या फटीत अशी अडकली की शेवटी मी पोरगी कडेवर आणि नवऱ्याने स्ट्रोलर डोक्यावर, अशी वरात निघाली! वरून खाली यायचे जुने दगडी जिने तर फारच उभे, पायऱ्या कमीजास्त उंचीच्या, सासूबाईंचे गुडघे बोलायला लागले. सिटी हॉलजवळ लिफ्ट आहे, ती वापरा सरळ.

गाडी एकदाच गॅरेजमध्ये टाका आणि डॉट नावाची शटल बस घ्या, फुकट आहे, नदी ओलांडणारी फेरीसुद्धा फुकट, आमच्या पोरांना तीच जास्त आवडली.

गाव 1733 चं, त्यातले 22 बागेसारखे चौक अजून शाबूत आहेत, प्रत्येकात सावली नि बाक. म्हणजे म्हाताऱ्या माणसांना दर दोन-तीन मिनिटांनी टेकायला जागा, हे मला सगळ्यात भारी वाटलं. फक्त झाडांवरून खाली पडलेलं ते स्पॅनिश मॉस (फांद्यांवरून लोंबणारी करड्या जटांसारखी वनस्पती) पोरांना उचलू देऊ नका, त्यात चावणारे बारीक किडे असतात.

जवळच्या टायबी बेटावर जायचं तर भरतीची वेळ बघून निघा, मोठ्या भरतीला रस्त्यावर पाणी येतं.