तान्ह्या बाळाचं अंथरूण कसं घालायचं, तेही सोलापूरच्या उन्हाळ्यात

बारशाला येणारा प्रत्येकजण काहीतरी मऊमऊ घेऊन येतो, राईची उशी, छोटे लोड, गोधडी, टेडी, कुंची, आणि घरात सोलापुरी चादरींची चळत तर असतेच, मग ते सगळं बाळाभोवती रचलं की फोटो भारी येतो. फोटो काढा आणि उचला सगळं. वर्षाच्या आतलं बाळ झोपतं तिथं बाळ सोडून दुसरं काही नको, मला मुख्य सांगायचंय ते एवढंच.

अंथरूण कडक आणि सपाट पाहिजे. तळहाताने दाबून बघा, हात उचलल्यावर खळगा राहत असेल तर ती गादी बाळाची नाही, नवीन पिंजलेली कापसाची गादी तर अजिबात नको. आपली चादर इथं कामाला येते बघा. जाड विणीची असते, तिची घडी करून सतरंजीवर टाकायची, कडा सतरंजीखाली दाबायच्या, वर एक पातळ सुती दुपटं ताणून तेही चारही बाजूंनी खोचायचं, हात फिरवला तर सुरकुती लागली नाही पाहिजे. चादर अंगाखाली चालते, अंगावर नाही, ती तोंडावर आली तर दोन महिन्यांच्या बाळाला स्वतःच्या हाताने बाजूला करता येत नाही.

झोपवायचं उताणंच, रात्री पण आणि दुपारच्या डुलकीला पण. इथं घरातलं कोणीतरी म्हणणारच की दूध नाकात जाईल. तर सांगायचं, उताणं असताना श्वासनळी वरच्या बाजूला असते आणि अन्ननळी तिच्या खाली, उलटून आलेलं दूध वर चढून श्वासनळीत जाणं अवघड, पालथं झोपवलं की हेच उलटं होतं. दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढा आणि मग ठेवा. 1994 साली अमेरिकेत बाळांना पाठीवर झोपवा अशी मोहीम सुरू झाली आणि नंतरच्या काही वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण तिथं साधारण निम्म्यावर आलं, औषध नाही काही नाही, फक्त कूस बदलली. कुशीवर ठेवलं तर चालेल का म्हणून विचारतात, नको, कुशीवरून पालथं व्हायला वेळ लागत नाही. बाळ स्वतःहून दोन्हीकडे पलटायला लागलं की मात्र रात्रभर उठून सरळ करत बसू नका, ठेवताना उताणं ठेवलं की झालं.

राईची उशी, हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा वाद. डोकं गोल व्हावं म्हणून हट्ट असतो पण उशीची गरजच नाही ओ, एक दिवस मान डावीकडे, एक दिवस उजवीकडे करून ठेवा आणि दिवसा जागं असताना समोर बसून थोडा वेळ पालथं घाला, डोक्याच्या मागचा दाब कमी होतो आणि मान पण धरायला लागतं.

झोळीचं काय, तर साडीच्या झोळीत बाळाची पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. रडणं थांबवायला झोका द्या पण तिथंच बसा. डोळा लागला की हात हलकेच उचलून सोडायचा, हात सैल पडला म्हणजे झोप गाढ, तेव्हा उचलून अंथरुणावर. तासन् तास झोळीत ठेवून स्वयंपाकाला जायचं नाही.

बाळ आईच्याच खोलीत असावं, निदान पहिले सहा महिने, पण अंथरूण वेगळं, हात पोचेल इतक्या अंतरावर. सोलापूरच्या पूर्व भागात एका खोलीत पाच-सहा माणसं झोपतात, तिथं बाळाची जागा भिंत आणि गादीच्या फटीपासून लांब ठेवा. कोणी दारू पिऊन आलं असेल, झोपेची गोळी घेतली असेल, विडी-सिगारेट ओढत असेल तर त्याच्या शेजारी बाळ नकोच, आणि सोफ्यावर बाळाला छातीवर घेऊन पेंगणं तर सगळ्यात वाईट.

एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 च्या पुढे जातो तरी टोपरं, मोजे, वर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ दिसतंच. घरात टोपरं काढा, एक पातळ झबलं पुरे. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नका, मानेमागे नाहीतर छातीला हात लावून बघा, तिथं घाम असेल तर कपडे कमी करायचे. कूलर चालेल, फक्त झोत थेट अंगावर नको. (आणि उन्हाळा आहे म्हणून पाणी पाजू नका, सहा महिने फक्त आईचं दूध.)

बाळंतिणीच्या बंद खोलीत कोळशाची शेगडी नको, त्यातल्या विषारी वायूला वास पण नसतो. धुरी आणि कॉइलऐवजी मच्छरदाणी लावा. घरात विड्या वळत असतील तर सूप आणि तंबाखू दुसऱ्या खोलीत, हात धुऊन मगच बाळाला घ्या. गळ्यातला काळा दोरा, माळ झोपताना काढून ठेवा.

एवढं सांगून पण घरचे ऐकत नसतील तर आशाताई, म्हणजे घरोघरी येणाऱ्या सरकारी आरोग्य कार्यकर्त्या, आहेत की. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर त्या 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी बाळ बघायला येतात, तेव्हा सासूबाई समोर असतानाच त्यांना बाळाचं अंथरूण दाखवायचं आणि विचारायचं, ताई, ही उशी ठेवू का?