कोकणात जंतसंसर्गावरील संशोधनाचा विषय कसा ठरवावा

मातीतून पसरणाऱ्या जंतांवर काम करू इच्छिणाऱ्याने प्रथम औषध कोणापर्यंत पोहोचत नाही, हे पाहावे. राष्ट्रीय जंतनाशक दिनी अल्बेंडाझोलची गोळी १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना दिली जाते. अंकुशकृमी (हुकवर्म) हा मातीतून पसरणारा जंत मात्र प्रौढांतही मोठ्या प्रमाणावर आढळतो आणि आतड्यातून रक्त शोषून पंडुरोग वाढवतो. म्हणून लावणीला जाणाऱ्या बायका आणि बागेत राबणारे गडी यांच्यापासून सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे.

जागा निवडताना घाई करू नये. अंकुशकृमीच्या मातीतल्या अळ्या त्वचेतून शरीरात शिरतात, म्हणून अनवाणी पाय चिखलात दिसले की भाताच्या खाचरावर संशय जातो. परंतु साचलेल्या पाण्यापेक्षा ओलसर, सावलीची, हवा खेळती माती अळ्यांना अधिक मानवते. तेव्हा पोफळीची बाग, शेताचे बांध आणि उघड्यावर शौचाला बसण्याच्या जागा यांची खाचराशी तुलना करावी.

त्वचेतून शिरलेल्या अळीची वाढ होऊन विष्ठेत अंडी दिसू लागेपर्यंत साधारण ५ ते ८ आठवडे जातात. त्यामुळे लावणीतला संसर्ग आषाढातल्या नमुन्यात सापडणार नाही; गणपतीच्या सुमारास आणि त्यानंतर नमुने घ्यावेत, मात्र सणापुरते आलेले चाकरमानी वेगळे नोंदवावेत. विष्ठेचा पातळ थर काचपट्टीवर पसरून अंडी मोजण्याच्या काटो-काट्झ पद्धतीत अंकुशकृमीची अंडी लवकर विरून दिसेनाशी होतात, म्हणून काचपट्टी तासाभराच्या आत पाहावी लागते; सूक्ष्मदर्शक गावातच न्यावा. सौम्य संसर्ग एका नमुन्यात निसटतो, म्हणून किमान दोन दिवसांचे नमुने घ्यावेत.

स्ट्राँगिलॉइडीस हा मातीतूनच पसरणारा दुसरा जंत या पद्धतीत जवळजवळ सापडतच नाही, कारण विष्ठेत त्याची अंडी नव्हे, तर अळ्या येतात. त्यासाठी विष्ठेतील अळ्या कोमट पाण्यात उतरवून शोधण्याची बेअरमन पद्धत वापरावी. अल्बेंडाझोलची एक मात्रा त्यावर पुरत नाही आणि स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णात तो जिवावर बेतू शकतो. एवढे गंभीर दुखणे मोजणीतून सुटते, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

गुहागर तालुक्यातील गिमवी येथे मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमा (गोगलगायींमार्फत पाण्यातून पसरणारा जंत) संसर्गाचे केंद्र १९५२ मध्ये नोंदले गेले. तेथील वहाळातील गोगलगायी आणि गावकऱ्यांचे मूत्र पुन्हा तपासणे, हाही विषय घेण्याजोगा आहे. त्याकरिता संशोधनाची नैतिकता तपासणाऱ्या आचारसमितीची मंजुरी घेऊन, अंडी सर्वाधिक उतरतात त्या सकाळी १० ते दुपारी २ या वेळेत मूत्र गोळा करावे आणि बाधित आढळणाऱ्यांच्या उपचाराची सोय आधीच करून ठेवावी.